कोल्हापूर–नंदुरबार सावली प्रकल्प: नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

ताईचा फोन. भाचीला नववीत गणिताचा प्रकल्प द्यायचाय, विषय आलाय समांतर रेषा आणि छेदिका, आणि ताईचं म्हणणं की मामानं थर्माकोलवर दोन पट्ट्या आणि एक तिरकी काडी चिकटवून द्यावी, आठ कोनांना आठ रंग, विषय संपला. असली मॉडेलं प्रत्येक प्रदर्शनात दहा असतात आणि बघणारे पण न थांबता पुढं जातात. मी म्हटलं थर्माकोल राहू दे, जरा दम धर, काहीतरी बघतो.

संध्याकाळी नकाशा उघडला आणि सापडलंच. कोल्हापूरचा रेखांश ७४.२४ आणि नंदुरबारचा पण ७४.२४ च्या आसपासच, म्हणजे माझ्या गच्चीवरून नाकासमोर उत्तरेला चालत सुटलो तर थेट ताईच्या दारात. अक्षांश १६.७० आणि २१.३७. इतकी सरळ उत्तर-दक्षिण जोडी घरातच असताना इरॅटोस्थेनिसचा प्रयोग न करणं म्हणजे पाप आहे.

थोडक्यात लिहून ठेवतो म्हणजे भाचीला पाठवता येईल: इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हा माणूस अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेला सायीनीत, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, सावली नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२ अंश. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (त्या काळचं ग्रीक माप) धरलं, पन्नासनं गुणलं, पृथ्वीचा घेर २,५०,००० स्टेडिया. त्याची दोन गावं काही एकाखाली एक नव्हती, रेखांशात जवळपास तीन अंशांचा फरक आहे. त्या बाबतीत आपण त्याच्या पुढं.

८ डिसेंबर, रविवार

सामान ठरवलं. दोन्हीकडं एकसारखंच पाहिजे.

काठी उभी करून सावलीचं टोक मोजायचं असं सगळे सांगतात पण करून बघितलं की कळतं टोक असं काही नसतंच, कडा धूसर असते. कारण सूर्य म्हणजे ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, तिच्या वरच्या कडेची सावली वेगळी आणि खालच्या कडेची वेगळी. म्हणून काठीऐवजी स्टँडला आडवा पुठ्ठा लावायचा, त्याला ३ मिलिमीटरचं भोक, भोक जमिनीपासून बरोबर १ मीटरवर. खाली कागदावर सूर्याचा लांबट उजेडाचा ठिपका पडतो आणि त्याचा मध्य बऱ्यापैकी धरता येतो.

भोकाच्या नेमकं खाली कुठं येतं ते ओळंब्यानं. इथं घराचं वरचं काम चाललंय तिथल्या गवंड्याकडून ओळंबा आणि पाणसळ दोन्ही मागून घेतलं, त्यांनी विचारलं कशाला, म्हटलं पृथ्वी मोजायची आहे, म्हणाले मोजा की पण सोमवारी परत द्या.

पाणसळ फार महत्त्वाची. गच्ची दिसते सपाट पण पावसाचं पाणी निघायला उतार दिलेला असतोच, साधारण शंभराला एक असा, म्हणजे अर्धा अंशाच्या वर. आपल्याला एकूण फरकच पावणेपाच अंशांचा मोजायचाय त्यात अर्धा अंश उतारानं खाल्ला तर उरलं काय. प्लायवूडचा तुकडा टाकून खाली पाचरी मारून लेव्हल केला. नंदुरबारला दाजी करतील, त्यांच्याकडं मिरची सुकवायची पथारी आहे, तिथं अख्खं मैदान लाल आहे सध्या, एका कोपऱ्यात प्लाय टाकायला जागा मिळाली.

१५ डिसेंबर, रविवार

भाचीबरोबर व्हिडिओ कॉल, आकृती काढली. हा भाग सविस्तर लिहितो कारण प्रकल्पाचा जीव इथंच आहे आणि वहीत पण हेच जायला हवं.

एक मोठं वर्तुळ, पृथ्वी. त्यावर दोन बिंदू, को आणि नं. दोन्हीकडून ओळंबा सोडला की दोरी केंद्राकडं बोट दाखवते, म्हणजे दोन्ही दोऱ्या मनातल्या मनात वाढवल्या तर केंद्रात भेटतात. आता सूर्याचे किरण उजवीकडून तिरके, एकमेकांना समांतर. एक किरण कोल्हापूरच्या भोकातून, एक नंदुरबारच्या, आणि तिसरी रेषा आपण आपली काढायची, केंद्रातून, किरणांना समांतर. ही तिसरी रेषा पुस्तकात नसते आणि तिच्याशिवाय काही सुचत नाही.

आता कोल्हापूरची त्रिज्या ही छेदिका झाली. ती वरचा किरण छेदते भोकापाशी आणि आपली रेषा छेदते केंद्रापाशी. भोकापाशी ओळंबा आणि खाली जाणारा किरण यांच्यात जो कोन, तोच केंद्रापाशी त्रिज्या आणि तिसऱ्या रेषेत. आतले, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना. भाची पटकन म्हणाली आंतरव्युत्क्रम. बरोबर. मग दोन मिनिटांनी म्हणाली, "पण मामा, भोकाच्या वरचा कोन घेतला, म्हणजे डोक्यावरची दिशा आणि सूर्य यांच्यातला, तर तो संगत होतो ना?" तोही बरोबर! भोकापाशी ते दोन कोन एकमेकांचे विरुद्ध कोन आहेत त्यामुळं सारखेच, एकाला धरून गेलं तर व्युत्क्रम, दुसऱ्याला धरून गेलं तर संगत. परीक्षेत कारण लिहिताना कुठला कोन धरलाय ते सांगावं लागतं एवढंच.

इरॅटोस्थेनिसला एकच कोन पुरला कारण सायीनीत कोन शून्य, त्याची तिसरी रेषा म्हणजेच सायीनीची त्रिज्या. आपल्याकडं डिसेंबरात दोन्ही गावांत सावली लांब आहे. म्हणून दोन छेदिका, दोन व्युत्क्रम कोन, आणि केंद्रातला कोन म्हणजे त्यांची वजाबाकी. मोठा नंदुरबारचा.

मला ह्यातलं काय आवडतं तर हे, की केंद्रातला कोन मोजायला ६,३०० किलोमीटर खाली जावं लागलं असतं, आणि तोच कोन मिरचीच्या पथारीवर कागदावर पडलेला असतो.

२२ डिसेंबर, रविवार

मोजणी. काल २१ ला अयनदिन झाला, म्हणजे सूर्य दक्षिणेच्या टोकाला, आज सूर्य अजून तिथंच म्हणायला हरकत नाही, दक्षिणेला २३.४ अंशांवर.

घड्याळात १२ वाजता आपल्याकडं मध्यान्ह नसते हे आधीच भाचीला सांगून ठेवलेलं. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची, आपण त्याच्या ८.२६ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३३ मिनिटं उशीर, शिवाय पृथ्वीच्या फिरण्यातल्या कमीजास्तीमुळं आजच्या तारखेला दीडेक मिनिट मागं यायचं, मध्यान्ह १२:३१ च्या पुढंमागं. दोन्ही गावांचा रेखांश एकच असल्यामुळं दोघांची मध्यान्ह एकाच मिनिटाला! फोन चालू ठेवून दोघांनी बरोबरच खुणा केल्या. १२:१५ पासून दर दोन मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिल, आणि शेवटी ओळंब्याच्या पायापासून सगळ्यात जवळची खूण घ्यायची. म्हणजे घड्याळावर भरवसा ठेवायलाच नको.

कोल्हापूर: ८४.२ सेंमी.
नंदुरबार: ९९.६ सेंमी.

नंदुरबारला वारा होता, दाजींनी आणि एका कामगारानं पुठ्ठा धरून ठेवला. कोल्हापुरात ऊन चकचकीत. १२:३० ते १२:३४ खुणा जवळजवळ एकाच अंतरावर पडतात, त्यामुळं मध्यान्ह अर्धा मिनिट चुकली तरी फरक पडत नाही.

हिशोब. उंची १०० सेंमी, सावली भागिले उंची म्हणजे टॅन. कोल्हापूर ४०.१०, नंदुरबार ४४.८९. वजाबाकी ४.७९ अंश. अंतर उत्तर-दक्षिण ५१७ किमी. ३६० ला ४.७९ नं भागून ५१७ नं गुणलं: ३८,८५६ किमी.

खरा ध्रुवावरून जाणारा घेर ४०,००८. तीन टक्क्यांच्या आत! भाची नाचतीये. ताई म्हणते थर्माकोलपेक्षा बरं दिसतंय.

२९ डिसेंबर, रविवार

दाजींनी घोळ घातला. चांगला घोळ.

त्यांना कुणीतरी सपाट पृथ्वीचा व्हिडिओ फॉरवर्ड केला होता, त्यांना पटलेला नाही, पण ते व्यापारी माणूस, दोन्ही बाजूचा हिशोब लावून बघणार. म्हणाले, "भाऊ, तू आधीच सांगितलं की किरण समांतर. कोणी सांगितलं समांतर म्हणून? सूर्य जवळ असला आणि जमीन सपाट असली तरी मला लांब सावली आणि तुला आखूड पडेलच ना. दिव्याच्या खांबाखाली बघ, जवळ उभा राहिला तर सावली आखूड, लांब गेला तर लांब."

आणि बरोबर आहे त्यांचं. मी नुसता बसून राहिलो. आपले मोजलेले दोन आकडे तेच ठेवायचे आणि दोन गोष्टी सांगता येतात:

एक, किरण समांतर आणि ओळंबे समांतर नाहीत. मग ओळंबे खाली कुठंतरी भेटतात, ती जागा म्हणजे पृथ्वीचं केंद्र.

दोन, ओळंबे समांतर आणि किरण समांतर नाहीत. मग किरण वर कुठंतरी भेटतात, ती जागा म्हणजे सूर्य.

कोन तेच. फक्त समांतर कोण ते बदललं. सपाट धरलं तर सूर्याची उंची पण निघते: एक मीटरला सावलीतला फरक १५.४ सेंमी, तर ५१७ किमी भागिले ०.१५४, म्हणजे ३,३५७ किमी. व्यवस्थित उत्तर येतं, कुठं अडत नाही. चीनमध्ये झोउबी नावाच्या जुन्या ग्रंथात असंच केलंय, आठ फुटी काठी (त्यांचे फूट), जमीन सपाट धरलेली, सूर्याची उंची ८०,००० ली (ली हे त्यांचं अंतराचं माप). ती माणसं काही अडाणी नव्हती, भूमितीत कच्ची तर मुळीच नव्हती.

तर भाचीनं वहीत "प्रयोगातून पृथ्वी गोल सिद्ध झाली" असं लिहिलंय ते खोडायला सांगितलं. नुसत्या दोन सावल्यांनी ते सिद्ध होत नाही. रुसली थोडी.

३० डिसेंबर

कालचंच डोक्यात. हे युक्लिडच्या भाषेत मांडून बघितलं, कारण भाचीला पुढं हे असंच येणार आहे.

सपाट जमीन धरा, जमीनच छेदिका. नंदुरबारला सूर्य दक्षिणेकडं क्षितिजापासून ४५.१ अंश वर. कोल्हापूरला ४९.९, पण आपल्याला आतला कोन पाहिजे, नंदुरबारच्या बाजूचा, म्हणजे १८० वजा ४९.९, १३०.१. दोन आंतरकोनांची बेरीज १७५.२. एकशे ऐंशीला ४.८ कमी. युक्लिडचं पाचवं गृहीतक नेमकं हेच म्हणतं: एका रेषेनं दोन रेषांना छेदलं आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली तर त्या रेषा वाढवत नेल्यावर त्याच बाजूला भेटतात. म्हणजे सपाट जमिनीवाल्याच्या बाजूनं चक्क युक्लिड उभा राहतोय, किरण भेटलेच पाहिजेत म्हणून.

आणि गंमत म्हणजे बेरीज जितकी कमी पडली, ४.८, तोच गोल पृथ्वीवाल्याचा केंद्रातला कोन. आकडा एकच, एकानं तो वर सूर्यापाशी ठेवला, दुसऱ्यानं खाली केंद्रापाशी.

अजून एक, जे शाळेत पोरांचं नेहमी उलटसुलट होतं. रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन सारखे, आणि व्युत्क्रम कोन सारखे असतील तर रेषा समांतर, ही दोन वेगळी विधानं आहेत. युक्लिडच्या पहिल्या खंडात दुसरं आधी येतं, २७ आणि २८ क्रमांकाला, त्याला पाचवं गृहीतक लागत नाही. पहिलं येतं २९ ला आणि तिथं त्याला ते पहिल्यांदा वापरावं लागतं. आपण प्रयोगात वापरलं ते २९ वं. समांतर आहेत असं *मानलं*, म्हणून कोन सारखे. उलटं जायला केंद्रातला कोन वेगळा मोजता यायला हवा होता, तो कोण मोजणार.

५ जानेवारी २०२५, रविवार

आता फैसला कसा करायचा. विचार केला तर दाजींच्या सूर्याला एक गोष्ट लपवता येणार नाही, त्याचा आकार. जवळचा सूर्य पुढंमागं झाला तर लहानमोठा दिसणार.

म्हणून आज आरशाचा खेळ. छोट्या आरशावर कागद चिकटवला, कागदाला बारीक गोल भोक, तेवढाच आरसा उघडा. दारातून कवडसा आत सोडला, बोळातून थेट मागच्या खोलीच्या भिंतीवर, १२ मीटर मोजून. लांब गेला की कवडसा भोकाच्या आकाराचा राहत नाही, तो सूर्याचं चित्र होतो. भिंतीवर गोल, व्यास साधारण ११.५ सेंमी, कडा जरा धूसर. आरसा, भोक, भिंतीवरची खूण सगळं तसंच जपून ठेवलंय, मार्चमध्ये परत.

(सूर्याकडं थेट बघायचं नाही, आरशातूनही नाही. भाचीला हजारदा सांगितलंय, इथंही लिहून ठेवतो.)

दाजींच्या सूर्याचा व्यास पण काढला, कोल्हापूरपासून तिरक्या अंतरानं ४,३८९ किमी येतो, त्यावरून सूर्य ४२ किमी रुंद. कोल्हापूर ते सांगली सरळ रेषेत साधारण तेवढंच. दाजी म्हणाले एवढा पुरतो की मिरचीला.

किरण खरंच किती समांतर ते पण करून टाकलं. सूर्य १५ कोटी किमी, गावांत ५१७ किमी. दोन्हीकडं जाणाऱ्या किरणांमधला कोन ०.०००२ अंश. आपला पेन्सिलचा एक मिलिमीटर याच्या शंभरपट जास्त चुकतो. अर्थात यात सूर्याचं अंतर बाहेरून आणलंय, दाजींच्या कोर्टात हा पुरावा चालणार नाही.

२० जानेवारी, सोमवार

भाचीचा प्रश्न: ५१७ किमी तरी कुठून आलं, ते नकाशावरून, आणि नकाशा आधीच गोल पृथ्वी धरून केलेला, मग आपण तेच परत काढतोय की. पोरगी दाजींवर गेलीये.

उत्तर शोधताना आजची तारीख निघाली, निव्वळ योगायोग. भारताचं सर्वेक्षण करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला वारला, आपल्या हिंगणघाटला, वर्धा जिल्ह्यात, कबर तिथंच आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ जमिनीवर साखळीनं आधाररेषा मोजून त्यानं त्रिकोणांची माळ सुरू केली, पुढं ७८ रेखांशाच्या कडेकडेनं कन्याकुमारीपासून उत्तरेकडं सरकत राहिले, आणि त्याच कामावर असताना सत्तरीच्या आसपासचा म्हातारा हिंगणघाटला गेला. पुढं जॉर्ज एव्हरेस्टनं ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं.

म्हणजे अंतर मोजलं साखळीनं आणि त्रिकोणांनी. आणि ठिकठिकाणी कोन मोजले ताऱ्यांचे, मोठ्या यंत्रानं, डोक्यावरच्या बिंदूपासून तारा किती अंश ढळलाय ते. म्हणजे आपलंच! ओळंबा छेदिका, ताऱ्याचे किरण समांतर, दोन गावांच्या कोनांची वजाबाकी. फक्त सूर्याऐवजी तारा, जो थाळी नाही, खरोखर ठिपका आहे. आपला प्रयोग त्यांनी इतका बारीक केला की पृथ्वीचा एक अंश उत्तरेकडं जाताना जरा जरा लांब होत जातो, ध्रुवांकडं ती चपटी आहे, हे पण त्यातून मोजता येतं.

भाचीला सांगितलं, वहीत अंतराखाली "सर्वेक्षणातून" लिही. कोल्हापूरहून नंदुरबारला साखळी ओढत जायची आपली तयारी नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाचा पहिला दिवस, संध्याकाळी गेलो होतो, गर्दी म्हणजे विचारू नका. मावळतीचे किरण महाद्वारातून आत सरळ गाभाऱ्यापर्यंत. आज पाय, उद्या-परवा वर. हेच नोव्हेंबरात ९ ते ११ ला होतं. दोन्ही तारखा डिसेंबरच्या अयनदिनापासून जवळपास सारख्याच लांब, सूर्य जाताना आणि येताना त्याच जागी मावळतो. प्रकल्पात याचा थेट काही संबंध नाही पण कोल्हापूरचा माणूस किरणांचं वहीत लिहितोय आणि हे लिहिणार नाही असं होणार नाही.

२० मार्च, गुरुवार

विषुवदिन. मध्यान्ह आज १२:४० ला, डिसेंबरपेक्षा नऊ मिनिटं उशिरा. भाची शाळेत, ताईनं मोजलं. मला अर्धी रजा टाकावी लागली, कारण काय लिहायचं म्हणून "घरगुती" लिहिलं.

कोल्हापूर: ३०.२ सेंमी.
नंदुरबार: ३९.२ सेंमी.

आज कोन म्हणजे सरळ अक्षांशच येतो, कारण सूर्य विषुववृत्तावर. १६.८० आणि २१.४०, नकाशातले १६.७० आणि २१.३७. कोल्हापूरच्या खुणेत दीडेक मिलिमीटरचा फरक असणार. वजाबाकी ४.६०. घेर ४०,४६१ किमी.

आरसा पण लावला, तीच भिंत, तीच खूण. व्यास परत ११.५ च्या आसपास, फरक असलाच तर दोनतीन मिलिमीटरचा आणि तेवढं माझ्या डोळ्याला कळत नाही.

२३ मार्च, रविवार

सगळे कॉलवर. दाजींच्या सूर्याचा निकाल.

गोल पृथ्वी, समांतर किरण: डिसेंबरात घेर ३८,८५६, मार्चमध्ये ४०,४६१. सावल्या निम्म्याहून कमी झाल्या, दोन्ही कोन तेवीस-तेवीस अंशांनी उतरले, पण वजाबाकी जागची फारशी हलली नाही. ४.७९ आणि ४.६०, मोजण्यातल्या चुकीएवढाच फरक. आकृतीत बघितलं तर असंच व्हायला पाहिजे, किरण सगळे मिळून कलले तर तिसरी रेषा पण तेवढीच कलते, दोन त्रिज्यांमधला कोन आहे तिथं.

सपाट पृथ्वी, समांतर ओळंबे: डिसेंबरात सूर्य ३,३५७ किमी उंच. मार्चमध्ये मीटरला फरक फक्त ९.० सेंमी, म्हणून ५१७ भागिले ०.०९, ५,७४४ किमी. सूर्य तीन महिन्यांत दोन हजार किलोमीटर वर चढला. दाजी म्हणाले, चढला असेल, थंडीत खाली येत असेल. ठीक. मग कोल्हापूरपासून तिरकं अंतर डिसेंबरात ४,३८९ आणि मार्चमध्ये ६,०००. म्हणजे भिंतीवर जे ११.५ चं वर्तुळ होतं ते आता ८.४ चं पाहिजे होतं. तीन सेंटिमीटरचा फरक! तो मला चष्म्याशिवाय पण दिसला असता.

दाजी थोडा वेळ गप्प, मग म्हणाले की सूर्य वर जाताना फुगतो असं म्हटलं तर? म्हटलं म्हणा की, पण बरोब्बर तेवढाच फुगायला पाहिजे जेवढा लांब गेला, दर दिवशी, दोन्ही गावांना एकाच वेळी. कारण त्याच दुपारी नंदुरबारचं तिरकं अंतर वेगळं आणि कोल्हापूरचं वेगळं. त्यावर ते म्हणाले, "नाही, एवढी सूट मी गिऱ्हाईकाला पण देत नाही."

भाचीनं निष्कर्ष स्वतः लिहिला, मी हात लावलेला नाही: "दोन्ही गावांतल्या सावल्यांवरून एवढंच कळते की किरण आणि ओळंबे दोन्ही एकाच वेळी समांतर नाहीत. कोण समांतर आहे हे ठरवायला सूर्याचा आकार बघावा लागला. आकार बदलला नाही म्हणून किरण समांतर मानले, आणि मग व्युत्क्रम कोनांवरून घेर काढला." यापेक्षा बरं मला पण लिहिता आलं नसतं.

शाळेत वही दिली. बाईंनी विचारलं म्हणे, मॉडेल कुठंय.

६ मे, मंगळवार

वही गेली तरी हे सोडवत नव्हतं. आज कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे आज मी सायीनी आणि ताई अलेक्झांड्रिया. वळवाचे ढग सकाळपासून येऊनजाऊन, १२:२० ला पूर्ण झाकोळ, १२:२८ ला उघडलं आणि दहा मिनिटं ऊन मिळालं, तेवढं बास.

कोल्हापूर: ०.२ सेंमी. उजेडाचा ठिपका ओळंब्याच्या पायावरच, मध्य जरासा उत्तरेला.
नंदुरबार: ८.४ सेंमी.

०.११ आणि ४.८०, वजाबाकी ४.६९. घेर ३९,६८४. तिन्हीतला सगळ्यात जवळचा. सपाटवाल्या सूर्याची उंची आज ६,३०५, अजून वर गेला बिचारा. आरसा लावलाच नाही, सूर्य डोक्यावर असताना कवडसा बोळात घालायला आरसा पार तिरका धरावा लागतो आणि वर्तुळ नीट येत नाही.

आज आकृतीत कोल्हापूरची त्रिज्याच जवळजवळ किरण झाली, दोन छेदिकांतली एक गळाली, उरला एकच व्युत्क्रम कोन. भाचीला सुट्टी आहे, तिनं आकृती परत काढून पाठवली, या वेळी तिसरी रेषा न काढता.

पुढचं: २७ मेच्या आसपास नंदुरबारात सूर्य डोक्यावर येईल, मध्यान्ह १२:३० च्या सुमाराला. त्या दिवशी कोल्हापुरात सूर्य उत्तरेला असणार आणि ठिपका ओळंब्याच्या दक्षिणेला पडणार, प्लाय आत्तापासूनच फिरवून ठेवायला पाहिजे. ढग नसले तर. दाजींनी पथारी आवरली आहे, गच्चीवर मांडतील, पाणसळ त्यांनी स्वतःची विकत घेतलीये.